शेवटच्या पानाआधी थांबणारी भाची

पत्र : माझ्या धाकट्या बहिणीचे आठ महिन्यांपूर्वी कर्करोगाने निधन झाले. तिला सात वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा आहे. मुलांचे वडील कामात गुंतलेले असतात आणि घरी फारसे बोलत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जातो आणि भाची झोपेपर्यंत थांबतो. आई गेली तेव्हा भाचीला 'आई देवाघरी गेली' असे सांगण्यात आले होते. अजूनही ती मधूनच 'आई परत कधी येणार?' असे विचारते. मी मृत्यूविषयीची मुलांसाठीची दोन पुस्तके आणली, तर भाचीने त्यातले एक पालथे घालून ठेवले आणि भाच्याने 'हे बारक्यांचं आहे' म्हणून दुसरे परत दिले. भाची रोज एकच गोष्ट वाचायला लावते. त्या गोष्टीत हरवलेल्या पिल्लाला शेवटी आई सापडते. पण शेवटचे पान येण्याआधीच ती 'बास' म्हणते आणि पुस्तक मिटून टाकते. घरातली मोठी माणसे सांगतात, विषय काढू नका, मुले आपोआप विसरतील. वाचताना माझाच गळा दाटून येतो. हे वाचन चालू ठेवावे की थांबवावे, आणि कोणती पुस्तके आणावीत?
– एक मामा

सप्रेम नमस्कार.

वाचन चालू ठेवावे आणि भाची जिथे 'बास' म्हणेल तिथेच थांबावे, हे उत्तर आधी देते, कारण आज रात्रीही ती तेच पुस्तक घेऊन तुमच्या शेजारी येऊन बसणार आहे. तिला ती गोष्ट आवडत नसती तर तिने ती रोज मागितली नसती. आईच्या आजारपणात आणि त्यानंतर घडलेल्या कोणत्याच गोष्टीवर या मुलीचा ताबा नव्हता. आईला कधी भेटायचे, खोलीतून कधी बाहेर जायचे, कोणी तिला काय सांगायचे, हे सारे मोठ्यांनी ठरवले. या पुस्तकात मात्र कुठवर जायचे ते तिला स्वतःला ठरवता येते, आणि ती ते रोज ठरवते आहे. शेवटचे पान ती का टाळते याची दोन कारणे मला दिसतात. पिल्लाला आई सापडते आणि आपल्याला सापडणार नाही हे तिला कळू लागले असेल, आणि म्हणून ते पान तिला सोसत नसेल. किंवा याच्या अगदी उलट, पिल्लाचा शोध चालू आहे तोवर आपलाही चालू आहे, आणि गोष्ट संपली की वाट पाहणेही संपेल, असे तिला वाटत असेल. ती अजून 'कधी येणार' असे विचारते त्या अर्थी मला दुसरे कारण अधिक संभवनीय वाटते. पण हे आपले तर्क झाले आणि ते तिच्या गळी उतरवण्याचे काही कारण नाही. 'आईची आठवण येते म्हणून तू थांबतेस ना?' हा प्रश्न कृपा करून विचारू नका. गोष्टीच्या आडोशाने तिने जे थोडे अंतर राखले आहे ते या एका वाक्याने नाहीसे होईल, आणि बहुधा उद्यापासून ती पुस्तकच आणणार नाही. 'बरं, इथं थांबू' एवढे म्हणून पुस्तक तिच्याच हातात द्यावे. आठवड्या-पंधरवड्यातून एखाद्या वेळी सहज विचारून पाहावे, 'हे पिल्लू आत्ता काय करत असेल गं?' उत्तर आले तर ऐकून घ्यावे. आले नाही तरी काही बिघडले नाही.

मुले आपोआप विसरतील हे म्हणणे मात्र बरोबर नाही, आणि ते का पटण्यासारखे वाटते हेही समजून घेण्याजोगे आहे. मूल रडता रडता मध्येच उठते, खेळायला पळते, हसते, आणि तासाभराने पुन्हा एखादा असा प्रश्न विचारते की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. मोठ्यांना त्यातले फक्त हसणे-खेळणे दिसते आणि ते सुटकेचा श्वास टाकतात. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये असे मांडले की जवळचे माणूस गमावलेली व्यक्ती सतत शोकात राहत नाही. ती कधी झालेल्या हानीकडे वळते, तर कधी पुढच्या जगण्याकडे, आणि ही ये-जा हाच सावरण्याचा मार्ग असतो. हे मोठ्यांविषयी खरे आहेच, मुलांच्या बाबतीत ही ये-जा फार झपाट्याने होते इतकेच. त्यामुळे भाची खेळत असताना तिला ओढून शोकाकडे आणू नये, आणि ती स्वतः वळेल तेव्हा तिला 'जा, खेळ' म्हणून परतही पाठवू नये.

आता पुस्तकांच्या आधीची गोष्ट. 'परत कधी येणार?' या प्रश्नाचे खरे उत्तर भाचीला अजून मिळालेले नाही, आणि ते मिळेपर्यंत कोणतेही पुस्तक तिच्या फारसे उपयोगी पडणार नाही. देवाघरी गेलेले माणूस तिच्या दृष्टीने कुठेतरी गेलेले असते, आणि जो जातो तो परत येतो हा तिचा आजवरचा अनुभव आहे. हंगेरीतील मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पनांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा पाच वर्षांखालील मुले मृत्यूकडे निघून जाणे किंवा झोप म्हणून पाहतात असे त्यांना आढळले होते. पुढच्या संशोधकांनी या समजुतीचे घटक वेगळे करून पाहिले. मेलेला जीव परत येत नाही, त्याच्या शरीराची सगळी कामे थांबतात, हे प्रत्येक सजीवाच्या बाबतीत घडते, आणि त्यामागे काही खरे कारण असते, असे ते चार घटक आहेत. बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात यातले बरेचसे उमगू लागते. भाची सात वर्षांची आहे, म्हणजे तिची समज तयार आहे. तिला शब्द तेवढे मिळालेले नाहीत.

ते शब्द साधे असावेत. 'आईचा मृत्यू झाला. तिला कर्करोग नावाचा आजार झाला होता. डॉक्टरांनी खूप उपाय केले, पण तिचं शरीर काम करायचं कायमचं थांबलं. ती आता श्वास घेत नाही, तिला भूक लागत नाही, कुठं दुखत नाही. ती परत येणार नाही.' हे सांगताना आजाराचे नाव घेणे आवश्यक आहे. 'आई आजारी पडली आणि गेली' एवढेच ऐकलेल्या मुलाला नंतर घरात कोणाला साधी सर्दी झाली तरी धडकी भरते. आणखी दोन वाक्ये न विचारताही सांगावीत, कारण मुले हा प्रश्न सहसा तोंडाने विचारत नाहीत : 'तू काही बोललीस किंवा केलंस म्हणून हे झालेलं नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.' सात वर्षांच्या मुलाला आपल्या रागाने किंवा हट्टाने आई गेली असे वाटू शकते, आणि तो समज मनात वर्षानुवर्षे राहू शकतो. तुमच्या कुटुंबाची जी श्रद्धा असेल ती सोडावी असे माझे म्हणणे नाही. 'आम्हाला वाटतं की ती देवाजवळ आहे' हे खुशाल सांगावे, पण शरीराचे सत्य सांगून झाल्यावर. शक्य असेल तर हे वडिलांनी सांगावे आणि तुम्ही शेजारी बसावे.

याचे एक चांगले उदाहरण दूरचित्रवाणीवर आहे. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकी बालकार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली हे अभिनेते डिसेंबर १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांपुढे सोपे मार्ग होते. दुसरा नट आणता आला असता, किंवा हूपर काम सोडून दूर राहायला गेले असे सांगता आले असते. त्यांनी बालमानसाच्या जाणकारांचा सल्ला घेऊन खरे ते सांगायचे ठरवले आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये तो भाग दाखवला. त्यात बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रे काढून आणतो आणि हूपर यांचे चित्र त्यांना द्यायला निघतो. मोठी माणसे त्याला आठवण करून देतात की ते मरण पावले आहेत. तो म्हणतो, मग परत आल्यावर देईन. तेव्हा त्याला सांगितले जाते की मेलेली माणसे परत येत नाहीत. त्या प्रसंगात झोप, प्रवास असले आडवळणाचे शब्द नाहीत, मोठ्यांचे डोळे भरून आलेले दिसतात, आणि हे असे का व्हावे या पक्ष्याच्या प्रश्नाला कोणीही शहाणपणाचे उत्तर देत नाही. तुमच्या भाचीचा प्रश्न आणि त्या पक्ष्याचा प्रश्न एकच आहे, म्हणून हे सविस्तर लिहिले.

तुम्ही पुस्तकांची नावे मागितली आहेत. यादी देण्याचे मी टाळते, कारण एका मुलाला धीर देणारे पुस्तक दुसऱ्याला घाबरवू शकते, आणि तुमची भाची मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. पुस्तक निवडताना काय पाहावे ते मात्र सांगते. कोणतेही पुस्तक मुलासमोर उघडण्याआधी शेवटपर्यंत, मोठ्याने, एकट्याने वाचावे. गोष्टीत मृत्यू हा शब्द सरळ येतो का, की 'लांबच्या प्रवासाला गेला', 'शांत झोपला' असे शब्द वापरून लेखकाने स्वतःची सुटका करून घेतली आहे, हे पाहावे. झोपेची उपमा तर लहान मुलांच्या बाबतीत घातकच म्हणावी लागेल. ती ऐकलेली मुले रात्री डोळे मिटायला घाबरतात. गोष्टीतल्या मुलाला राग येतो का, कंटाळा येतो का, मध्येच हसू येते का, तेही पाहावे. केवळ शहाण्यासारखे दुःख करणारे पात्र मुलांना परके वाटते. आणि शेवटच्या दोन पानांत नवे कुत्र्याचे पिल्लू किंवा नवी आई आणून हिशेब पुरा केला असेल, तर ते पुस्तक परत ठेवून द्यावे.

निसर्गचक्राच्या गोष्टींविषयी थोडे अधिक लिहिते, कारण मृत्यूवरच्या बालपुस्तकांत त्या पुष्कळ आढळतात आणि मोठ्यांना त्या फार आवडतात. पान गळते, हिवाळा सरतो, नवी पालवी फुटते. सुरवंट कोषात जातो आणि फुलपाखरू होऊन बाहेर येतो. मोठ्या वाचकाला यात सांत्वन मिळते, कारण तो रूपक म्हणून वाचतो. सात वर्षांचे मूल ते जसेच्या तसे घेते. सुरवंट मेलेला नव्हताच, तो आत जिवंत होता. मग आईही कुठेतरी आत असेल आणि बाहेर येईल. पालवी फुटली, म्हणजे जे गेले ते आले. 'आई परत कधी येणार' असे विचारणाऱ्या मुलीला या गोष्टी चुकीचे उत्तर देतात. तीच अडचण आकाशातल्या ताऱ्याची. काही मुलांना तारा दाखवला की बरे वाटते. काही मुले ढगाळ रात्री कासावीस होतात, तर काहींना आपल्यावर सतत कोणाची नजर आहे असे वाटून लपावेसे वाटते. ही पुस्तके वाईट नाहीत, त्यांची वेळ अजून आलेली नाही. मृत्यू कायमचा असतो हे भाचीला पक्के कळले की तीच पालवीची गोष्ट ती वेगळ्या तऱ्हेने ऐकेल.

किसा गोतमीची मोहरीची जुनी कथा आपल्याकडे अशा प्रसंगी हमखास सांगितली जाते, तिच्याबद्दलही सावध असावे. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असे बुद्ध त्या आईला सांगतात आणि तिला एकही घर सापडत नाही. पुत्रशोकाने वेडावलेल्या स्त्रीला तिच्या दुःखातून बाहेर आणणारी ती थोर कथा आहे. सात वर्षांच्या मुलीला तिच्यातून एवढेच ऐकू येईल की प्रत्येक घरात कोणीतरी मरते, आणि आता बाबांची पाळी आहे. भाच्याला ती आणखी दोन-तीन वर्षांनी सांगावी.

भाचीने एक पुस्तक पालथे घातले यात मला काही वावगे दिसत नाही. मुखपृष्ठ तिला नको होते आणि तिने ते नजरेआड केले, पुस्तक फेकून दिले नाही. ते तिच्या हाताला लागेल अशा खालच्या फळीवर इतर पुस्तकांत राहू द्यावे आणि त्याचा उल्लेखही करू नये. मृत्यूविषयीचे पुस्तक मोठ्यांनी आणून समोर धरले की मुलाला ते औषधाच्या चमच्यासारखे वाटते आणि तोंड आपोआप मिटते. तेच पुस्तक फळीवर दहा पुस्तकांत पडून असले की एखाद्या दिवशी ते स्वतःच उचलून चाळते, बहुधा कोणी पाहत नसताना. शिवाय गोष्ट तिच्या आयुष्याशी जितकी तंतोतंत जुळेल तितकी ती उपयोगी, असे नसते. आई कर्करोगाने गेलेल्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट तिला फार जवळची होईल. प्राण्यांची गोष्ट, आजोबांची गोष्ट, अंगणात सापडलेल्या मेलेल्या पक्ष्याला पुरणाऱ्या मुलांची गोष्ट यांत तिला हवे तेवढे दूर उभे राहता येते.

वाचायचे कसे, यात पुष्कळ काही आहे. समोरासमोर बसू नये. शेजारी बसावे, म्हणजे दोघांची नजर चित्रावर राहते आणि बोलणे सोपे जाते. जड गोष्टी झोपण्याच्या वेळेला वाचू नयेत. त्यांच्यासाठी दिवसाची अशी वेळ निवडावी की नंतर खेळायला तासभर मोकळा असेल. रात्रीसाठी पिल्लाचे पुस्तक आहेच. पान उलटण्याआधी थोडे थांबावे, कारण मुले मजकुरापेक्षा चित्र अधिक वेळ वाचतात. प्रश्न विचारायचा तर पात्राविषयी विचारावा, 'अस्वलाला आता कसं वाटत असेल?' असा, आणि उत्तर आल्यावर 'तुलाही तसंच वाटतं ना?' हे पुढचे पाऊल टाकण्याचा मोह आवरावा. ते पाऊल टाकायचे असेल तर ती टाकेल. ती म्हणाली की 'माझ्या आईचे पण केस गळले होते', तर पुस्तक मांडीवर तसेच ठेवून तिचे बोलणे होऊ द्यावे. गोष्ट पूर्ण करण्याची घाई नसते. वाचून झाल्यावर 'यातून आपण काय शिकलो?' हे तर मुळीच विचारू नये. तो प्रश्न आला की गोष्टीचा धडा होतो, आणि मूल मनातले उत्तर बाजूला ठेवून अपेक्षित उत्तर देते.

तुमचा गळा दाटून येतो त्याची लाज वाटून घेऊ नका. तुमचीही बहीण गेली आहे. अशा वेळी थांबून सरळ सांगावे, 'मला तुझ्या आईची आठवण आली, म्हणून रडू आलं. जरा थांबून पुढं वाचू.' मोठी माणसेही रडतात आणि रडून झाल्यावर पुन्हा वाचू लागतात, हे तिला त्यातून दिसते. जपायचे ते एकाच गोष्टीला : तुम्हाला सावरण्याचे काम तिच्यावर येऊ देऊ नये. ती पाणी आणून देऊ लागली, तुमचे डोळे पुसू लागली किंवा तुम्हाला वाईट वाटेल म्हणून पुस्तकच टाळू लागली, तर काही दिवस वाचनाचे काम तुमच्या पत्नीकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे द्यावे, आणि तुमचे दुःख ऐकणारे एखादे मोठे माणूस शोधावे.

भाच्याविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. त्याचे म्हणणे खरे आहे, ते पुस्तक बारक्यांचेच असणार. बाराव्या वर्षी मुलाला मृत्यू काय असतो हे कळलेले असते. त्याचे प्रश्न वेगळे असतात. आईला आधी कळले असते तर ती वाचली असती का, हा आजार मला होईल का, बाबांना काही झाले तर आम्ही कुठे जायचे. यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांसाठी गोष्टीपेक्षा मानवी शरीर आणि पेशी यांच्यावरचे माहितीपर पुस्तक अधिक कामाचे ठरू शकते, आणि मुलगे अशी पुस्तके न लाजता वाचतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही, ते तुम्ही आणि त्याच्या वडिलांनी मिळून त्याला द्यायचे आहे, आणि तो विचारण्याची वाट न पाहता. कथांपैकी एक नाव इथे घेते : कॅथरिन पॅटरसन यांची १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'ब्रिज टू टेराबिथिया' ही कादंबरी. लेखिकेच्या मुलाची एक लहानगी मैत्रीण वीज पडून गेली, त्या धक्क्यातून ती लिहिली गेली. मैत्रिणीच्या अचानक मृत्यूनंतर कादंबरीतला मुलगा आधी विश्वासच ठेवत नाही, पळत सुटतो, धाकट्या बहिणीला मारतो, मैत्रिणीने दिलेले रंग ओढ्यात फेकून देतो. इतका ओबडधोबड शोक बालसाहित्यात क्वचितच इतक्या प्रामाणिकपणे आला आहे. ती त्याच्या टेबलावर ठेवावी आणि वाचलीस का म्हणून विचारू नये. तो बोलेल तेव्हा बहुधा चालताना, काही दुरुस्त करताना, कुठेतरी जाताना बोलेल, समोर बसवून नव्हे. आणि धाकटीला गोष्ट वाचून दाखवण्याचे कर्तव्य त्याच्या गळ्यात घालू नये. आपणहून वाचली तर गोष्ट वेगळी.

तुमच्या पत्रात मुलांचे वडील एका ओळीत येतात आणि निघून जातात, त्याकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डन यांनी अमेरिकेतील बॉस्टन परिसरात, आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतील १२५ शाळकरी मुलांचा दोन वर्षे मागोवा घेतला होता. मागे राहिलेले पालक कसे सावरतात, घर कसे चालवतात, यावर मूल कसे सावरेल हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हा त्या अभ्यासाचा एक ठळक निष्कर्ष होता. त्यापुढे पुस्तकांचे काम लहान आहे. तुम्ही रोज संध्याकाळी जाता हे मोठे काम आहे, पण वडिलांची जागा भरून काढण्याऐवजी त्यांना त्या जागेवर परत आणण्यासाठी तुमची संध्याकाळ वापरता आली तर अधिक चांगले. न बोलणाऱ्या माणसाला 'मुलांशी बोला' असे सांगून काही होत नाही. त्याच्या हातात पुस्तक देता येते. वाचणाऱ्याला शब्द शोधावे लागत नाहीत, ते छापलेले असतात. आठवड्यातले दोन दिवस पिल्लाची गोष्ट त्यांनी वाचावी, पहिल्या वेळी तुम्ही त्याच खोलीत असावे, आणि भाची कुठे थांबते हे त्यांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर ते बिचारे गोष्ट पूर्ण करायला जातील.

आणि आता ज्या गोष्टी फक्त तुमच्याकडे आहेत त्यांच्याविषयी. याच अभ्यासात असेही दिसले की बरीच मुले गेलेल्या पालकाशी नाते तोडत नाहीत. ती त्यांच्याशी मनात बोलतात, त्यांची एखादी वस्तू जवळ ठेवतात, त्यांच्याविषयी ऐकायला उत्सुक असतात. मृत व्यक्तीशी असलेले नाते बदलून टिकवणे हा शोकाचा निरोगी भाग असू शकतो, हा विचार सिल्व्हरमन यांनी डेनिस क्लास आणि स्टीव्हन निकमन यांच्यासह संपादित केलेल्या १९९६ च्या ग्रंथाने रुजवला. तुमच्या भाचीला आई म्हणून तुमची बहीण सहा-सात वर्षेच मिळाली, आणि त्यातली पहिली दोन-तीन तिला आठवणारही नाहीत. तुम्हाला मात्र ती सात वर्षांची असतानाची आठवते. तिने शाळेत काय हरवले, कोणाशी भांडली, कोणत्या अंधाऱ्या खोलीला घाबरायची, तुमच्यावर कोणता आळ घेऊन स्वतः सुटली, हे या जगात आता कदाचित तुम्हालाच ठाऊक आहे. त्या गोष्टी सांगा. 'तुझी आई तुझ्याएवढी होती तेव्हा' अशी सुरुवात करावी आणि ती जशी होती तशीच येऊ द्यावी, खोडकर, हट्टी, कधी खोटे बोलणारी. गेलेल्या माणसाची देवमूर्ती करण्याची आपल्याला सवय असते. पण मूर्तीवर रागावता येत नाही, आणि आपल्याला सोडून गेलेल्या आईवर भाचीला कधीतरी रागवावेसे वाटणारच आहे.

एक कोरी वही आणून त्या गोष्टी तिच्यासमवेत लिहून काढता येतील. तुम्ही लिहावे, तिने चित्रे काढावीत, भाच्याला वाटले तर त्याने एखादा फोटो चिकटवावा, वडिलांनी लग्नाआधीची एखादी हकीकत घालावी. आई केस कसे विंचरून द्यायची, गाण्याचे शब्द कुठे चुकवायची, कशावरून ओरडायची, असल्या बारीक गोष्टी आत्ताच लिहून ठेवाव्यात, त्या सर्वांत आधी पुसट होतात. आजारपणाचे एक पान आणि मृत्यूचे एक पान त्या वहीत असावे, पण ते कधी लिहायचे हे भाचीने ठरवावे. आधी लिहायचा आग्रह धरू नये आणि तिने ते पान काळ्या रंगाने भरून टाकले तर तिला थांबवू नये. वही तिच्या ताब्यात राहू द्यावी. पाहुण्यांना दाखवण्यासाठी ती मागू नये.

एवढे करूनही काही बाबतींत तज्ज्ञाची मदत लागू शकते. भाची किंवा भाचा आठवडेच्या आठवडे नीट झोपत-जेवत नसेल, शाळेत जायला नकार देत असेल, खेळ आणि मित्र पूर्ण सुटले असतील, स्वतःला इजा करत असेल, किंवा आईच्या ओढीने बहुतेक दिवस दुसरे काहीच सुचत नसेल, तर बालमानसतज्ज्ञांना भेटावे. मानसिक आजारांच्या, २०२२ मध्ये सुधारलेल्या अमेरिकी निदानसूचीत लांबलेल्या शोकाचे निदान मुलांच्या बाबतीत सहा महिन्यांनंतर करता येते, मोठ्यांच्या बाबतीत वर्षानंतर; पण आठ महिने झाले आणि मूल अजून आईविषयी विचारते एवढ्यावरून असे निदान होत नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नये. 'मला आईकडे जायचंय' हे वाक्य लहान मुले पुष्कळदा भेटीच्या ओढीने म्हणतात. ते ऐकल्यावर दटावू नये. 'म्हणजे काय करायचं वाटतं तुला?' असे शांतपणे विचारावे. उत्तरात मरण्याचा विचार असेल, विशेषतः बारा वर्षांच्या मुलाकडून असे काही आले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. दोघांच्या वर्गशिक्षकांना घरात काय घडले आहे, मुलांना कोणत्या शब्दांत सांगितले आहे आणि कोणती पुस्तके वाचली जात आहेत, हे एकदा भेटून सांगून ठेवावे. आईवर निबंध लिहायला सांगण्याआधी त्यांना हे माहीत असलेले बरे. दुसऱ्या वर्षात अडचणी कमी होण्याऐवजी वर येणारी मुलेही असतात, म्हणून वर्षश्राद्ध झाले की विषय संपला असे कोणी म्हणू लागले तरी तुमचे संध्याकाळचे जाणे बंद करू नका.